पडला, पण फेरी कोणाची?

समजा, तीन मिनिटांची एक फेरी आहे. निळ्या कोपऱ्यातला मुलगा उंच, हाताने लांब. घंटा झाल्यापासून त्याचा जॅब तांबड्याच्या कपाळावर बसतोय. तांबडा बुटका, अंगाने भरलेला. आत घुसायला बघतो, पण निळा पाऊल मागे घेतो आणि आणखी एक जॅब देतो. दीड मिनिट असंच जातं. मग एकदा जॅब मारून हात परत आणताना निळ्याचा हात खाली येतो, हनुवटी उघडी पडते आणि तांबड्याचा डावा हूक नेमका तिथे बसतो. निळा खाली. रेफरी तांबड्याला दूरच्या कोपऱ्यात पाठवतो आणि मोजायला लागतो. निळा तीनलाच उठतो, आठ होईपर्यंत हात वर धरून थांबतो आणि उरलेला वेळ पुन्हा पहिल्यासारखाच जॅब मारत राहतो. घंटा.

रिंगच्या कडेला बसलेल्या जजने या फेरीचे गुण कसे द्यायचे?

नायगावातल्या एका घरात या प्रश्नावर दोन मतं आहेत. मामा मुंबई पोलिसांच्या सशस्त्र दलातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. नायगावच्या पोलीस मैदानावर त्यांनी आधी स्वतः घाम गाळला, पुढे पोलीस क्रीडा स्पर्धांत जजच्या खुर्चीत बसले. भाची पंचविशीची, स्वतः खेळते आणि आता जजच्या परीक्षेचा अभ्यास करते. त्या दोघांचं बोलणं इथे मांडतो आहे. मध्ये मध्ये माझं मतही येईल, कारण या प्रश्नात मला तटस्थ राहता येत नाही.

दोघांनी आपापल्या चिठ्ठीवर आकडे लिहिले. मामांची चिठ्ठी: निळा १०, तांबडा ९. भाचीची: तांबडा १०, निळा ८. फेरी एकच, आणि दोन चिठ्ठ्यांत तीन गुणांचं अंतर.

“मामा, तो पडला. सगळ्या हॉलने बघितलं. हातच्या कंकणाला आरसा कशाला?”

“पडला ना. कोण नाही म्हणतंय? पण फेरी किती सेकंदांची? एकशे ऐंशी. त्यातले तीन सेकंद तो खाली होता. उरलेला सगळा वेळ कोण कोणाला मारत होतं ते सांग.”

“निळा मारत होता. पण कसं? टिचक्या. तांबड्याने एकच दिला आणि समोरच्याला जमिनीवर आणलं. दोघांचं वजन सारखं धरणार तू?”

“सारखं नाही धरत. पण एका ठोशावरून अख्खी फेरी ठरवायची म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. ती भाताला चालते, कारण सगळी शितं एका हंड्यात शिजलेली असतात. फेरीत तसं नसतं.”

इथे नियम सांगून टाकायला हवा. आज दोन्हीकडे, व्यावसायिक लढतींत आणि ऑलिम्पिकच्या पद्धतीत, फेरी जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला ९ किंवा त्याहून कमी गुण मिळतात. फरक पडण्याच्या किमतीत आहे. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये एकदा पाडलं तर १०-८, दोनदा पाडलं तर १०-७, तीनदा पाडलं तर १०-६ असा रिवाज पक्का झालेला आहे. ऑलिम्पिकच्या पद्धतीत पाडलं म्हणून वेगळा गुण आपोआप मिळत नाही. तिथे दर्जेदार ठोसे किती बसले, डावपेचांत वरचढ कोण होतं आणि झुंजत कोण होतं, हे बघायचं. पाडणारा ठोसा त्या ठोशांमधलाच एक. मामांची चिठ्ठी ऑलिम्पिकच्या शाळेतली, भाचीची व्यावसायिकांच्या.

हा प्रश्न मुळात निर्माण झाला तो नियम बदलल्यामुळे. हातमोजे नव्हते त्या काळात, म्हणजे इंग्लंडमधल्या १८३८च्या नियमांत, कोणी पडला की फेरीच संपायची. तीस सेकंद विश्रांती, मग आठ सेकंदांत मधल्या रेषेपाशी येऊन उभं राहायचं. फेरी कधी अर्ध्या मिनिटाची, कधी दहा मिनिटांची. १८६७मध्ये क्वीन्सबरीचे नियम आले, तेव्हा फेरी तीन मिनिटांची ठरली आणि पडलेल्याला उठायला दहा सेकंद मिळाले. पडणं तेव्हापासून फेरीच्या पोटात आलं आणि त्याची किंमत काय धरायची हे ठरवणं भाग पडलं. बराच काळ ती जवळजवळ शून्य होती. ८ मार्च १९७१ला न्यूयॉर्कमध्ये पंधराव्या फेरीत जो फ्रेझियरच्या डाव्या हूकने मुहम्मद अली पाठीवर पडला. ते चित्र जगभर पोचलं. पण तिथे तेव्हा गुण नव्हे, फेऱ्या मोजत. त्या पडण्याची किंमत फ्रेझियरला एक फेरी, इतर कुठल्याही फेरीएवढीच.

भाचीला हे माहीत आहे, पण पटत नाही.

“तू लहानपणापासून पुरंदरे स्टेडियमवर कबड्डी बघत आलास,” ती म्हणते. “लोण चढला की दोन जादा गुण का देतात? शेवटचा गडी बाद झाल्याचा गुण तर आधीच मिळालेला असतो.”

“लोण म्हणजे सातच्या सात बाहेर. ते काय एका चढाईत होतं? पंधरा मिनिटं राबल्यावर लोण चढतो. इथे एक हात लागला आणि पडला.”

“पण लोण चढल्यावर सातही जण परत आत येतात, ताजेतवाने. पडलेला बॉक्सर तसा परत येतो का? आणि मी तुला दुसरंच विचारते. पडल्यावर काय होतं? रेफरी आठपर्यंत मोजतो. तेवढ्या वेळात कोणाला श्वास मिळतो? ज्याला लागलं त्याला. आणि ज्याने मारलं तो लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभा. त्याची लय तुटली. आठ सेकंद त्याला हात उचलता येत नाही. समोरचा पडला नसता तर त्या आठ सेकंदांत याने अजून चार-पाच ठोसे घातले असते. तो जादा गुण म्हणजे बक्षीस नव्हे, मामा. नियमाने त्याचं जे काढून घेतलं त्याची भरपाई आहे.”

मामा गप्प बसतात. मीही हा मुद्दा असा मांडलेला आधी ऐकला नव्हता. आठ सेकंदांची मोजणी पडलेल्याच्या जिवासाठी आहे आणि ती असायलाच हवी. पण तिचा खर्च पाडणाऱ्याच्या खात्यातून जातो, आणि ऑलिम्पिकची पद्धत तो खर्च कुठेच धरत नाही.

“बरं,” मामा म्हणतात. “आता माझं ऐक. मी पोरांना शिकवायचो तेव्हा पहिल्या महिन्यात एक गोष्ट सांगायचो. डोकं सुन्न झालं, पाय ऐकेनासे झाले, की मर्दुमकी दाखवू नकोस. गुडघा टेक. रेफरीला आठ मोजू दे, श्वास घे, मग उठ. किती पोरं त्यामुळे धड घरी गेली. आता तुझ्या हिशेबात काय होतं? गुडघा टेकला, १०-८. नाही टेकला, दोऱ्यांना धरून उभा राहिला, डोळे फिरलेले, तोंडावर चार ठोसे घेतले, पण खाली गेला नाही, तर १०-९. म्हणजे ज्याने अक्कल वापरली त्याचा एक गुण गेला आणि ज्याने मेंदूला मार खाल्ला त्याचा वाचला. पोरं हे बरोबर शिकतात हो. गुण जातोय म्हटल्यावर गुडघा कोण टेकेल?”

“हे व्यावसायिकांना सांग. आपल्याकडे रेफरी उभ्यालाही काउंट देतो.”

“तेच तर म्हणतोय! आपल्या बॉक्सिंगमध्ये काउंट पडल्याचा नसतोच. लागल्याचा असतो. उभा असला तरी रेफरीला वाटलं याला लागलंय, की मोजायला लागतो. मग तू ‘पडला, पडला’ काय करतेस?”

या वादातला सगळ्यात मोलाचा मुद्दा माझ्या मते हाच. अमेरिकेतल्या व्यावसायिक लढतींच्या एकत्रित नियमांत उभ्याला काउंट देण्याची सोयच नाही. तिथे रेफरीपुढे दोनच वाटा: लढत चालू ठेवा किंवा थांबवा. म्हणून तिथे पडणं ही एकच खूण उरते आणि तिच्यावर सगळा भार येतो. पायांच्या तळव्यांखेरीज अंगाचा कुठलाही भाग ठोशामुळे कॅनव्हासला लागला की नॉकडाउन. हातमोजा नुसता टेकला तरी तोच शिक्का, आणि भान हरपून नऊपर्यंत पडून राहिला तरी तोच.

भाची मोबाइल काढते. तिच्याकडे दोन लढती आहेत आणि दोन्हींत माणसं तीच.

८ मे २००४, लास वेगास. मॅनी पॅकियाओ आणि हुआन मॅन्युएल मार्केझ. पहिल्याच फेरीत पॅकियाओने मार्केझला तीनदा पाडलं. रिवाजाप्रमाणे १०-६. दोन जजनी तसंच लिहिलं. तिसऱ्याने, बर्ट क्लेमेंट्सने, १०-७ लिहिलं. त्यापेक्षा खाली जाता येत नाही असा त्याचा समज होता. बारा फेऱ्यांनंतर एकाचा कौल मार्केझकडे ११५-११०, दुसऱ्याचा पॅकियाओकडे ११५-११०, आणि क्लेमेंट्सचा ११३-११३. लढत बरोबरीत. क्लेमेंट्सने पुढे आपली चूक कबूल केली. तो एक गुण त्याने कापला असता तर त्याच्या कागदावर ११३-११२ झालं असतं आणि पॅकियाओ जिंकला असता.

“बघितलंस? ठरलेला आकडा न पाळल्याने निकाल बदलला.”

मामा मोबाइल हातात घेतात, चष्मा वर करतात आणि तेच आकडे उलटीकडून वाचतात.

“हा ११५-११० मार्केझवाला बघ. याने पहिल्या फेरीचे १०-६ दिलेत ना? म्हणजे मार्केझ चार गुणांनी मागे. तिथून पाच गुणांनी पुढे. नऊ गुण भरून काढले. म्हणजे उरलेल्या अकरा फेऱ्यांपैकी दहा याने मार्केझला दिल्या. आणि हा दुसरा, पॅकियाओला ११५ देणारा, याने अकरापैकी सहा पॅकियाओला आणि पाच मार्केझला दिल्या. दोघं एकाच रिंगच्या कडेला बसलेले. अगं, पडण्याबद्दल या दोघांत काडीचाही वाद नाही. वाद आहे तो जिथे कोणी पडलं नाही त्या अकरा फेऱ्यांचा.”

“मग तेच सांगते ना मी! न पडलेल्या फेऱ्यांत जज वाटेल ते लिहितात. पडणं ही एकच गोष्ट अशी आहे जिच्यावर दोघांचं एकमत आहे. आणि तिचाच भाव तू उतरवायला निघालास.”

दोघं एकाच कागदावरून दोन निष्कर्ष काढतात, आणि दोन्ही त्या कागदात आहेत. भाचीची दुसरी लढत याच जोडीची, १५ मार्च २००८ची. त्यात एकच नॉकडाउन, तिसऱ्या फेरीत, पुन्हा पॅकियाओचा. तीन जजपैकी एकाने मार्केझला ११५-११२ दिले, दुसऱ्याने पॅकियाओला तेवढेच. तिसऱ्याने पॅकियाओला ११४-११३. या तिसऱ्याच्या हिशेबात दोघांच्या सहा-सहा फेऱ्या होतात. पॅकियाओ पुढे राहिला तो केवळ त्या एका पडण्याच्या जादा गुणाने, आणि त्या गुणावर संपूर्ण लढत आणि जागतिक किताब फिरला.

“हे बरोबर झालं?” मामा विचारतात.

“सहा फेऱ्या तुझ्या, सहा माझ्या, आणि तू मला एकदा झोपवलंस. मग जिंकायला कोण हवं? तूच.”

यावर मामांकडे उत्तर नाही, आणि माझ्याकडेही नाही. बाकी सगळं तुल्यबळ असेल तर पाडणाराच जिंकायला हवा. अडचण येते ती बाकी सगळं तुल्यबळ नसताना.

मामांची लढत १ डिसेंबर २०१८ची, लॉस एंजेलिसमधली. टायसन फ्युरी आणि डिऑन्टे वाइल्डर. नवव्या आणि बाराव्या फेरीत फ्युरी पडला. बाराव्यात तर असा आडवा झाला की संपलंच असं सगळ्यांना वाटलं. पण उठला, आणि फेरी संपता संपता तोच वाइल्डरला ठोसे मारत होता. एका जजने वाइल्डरला ११५-१११ दिले, दुसऱ्याने फ्युरीला ११४-११२, तिसऱ्याने ११३-११३. मामा तिसऱ्याचा हिशेब मांडतात: फ्युरीच्या सात फेऱ्या, वाइल्डरच्या पाच, त्यात पडण्याचे दोन गुण वजा, म्हणून बरोबरी.

“सात फेऱ्या जिंकून बरोबरी. आणि बारावीचे सगळ्यांनी डोळे मिटून १०-८. उठल्यावर त्याने काय केलं ते कोणाच्याच हिशेबात नाही. पडला, शिक्का मारला, पुढची फेरी.”

“मग काय द्यायला हवे होते?”

“१०-९ वाइल्डरला. फेरी त्याचीच. पण एवढीच.”

व्यावसायिक नियमांतही जजचे हात बांधलेले नाहीत. पडलेल्याने बाकीची फेरी स्पष्टपणे जिंकली असेल तर १०-९ देता येतो. पण हात धजत नाही. १०-८ लिहिलं की कोणी विचारत नाही, १०-९ लिहिलं तर दुसऱ्या दिवशी जाब द्यावा लागतो. जजच्या खुर्चीतला माणूस ज्या आकड्याचा जाब द्यावा लागत नाही तो लिहायला लागला, की त्याचं बघणं थांबतं. या सवयीचा मला खरोखर राग आहे.

पण भाचीच्या रागालाही तेवढंच कारण आहे, आणि ते ऑलिम्पिकमधलं आहे. १९८८मध्ये सोलच्या अंतिम लढतीत रॉय जोन्सचे ८६ ठोसे बसले आणि कोरियाच्या पार्क सी-हुनचे ३२. सुवर्णपदक ३-२ने पार्कला. त्या बदनामीनंतर १९९२पासून बटणांची पद्धत आली: पाचपैकी तीन जजनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तर एक गुण. जॅबला एक, आणि पाडणाऱ्या हूकलाही एकच. ही पद्धत वीस वर्षं चालली. शेवटी लंडन, १ ऑगस्ट २०१२. जपानचा सातोशी शिमिझू आणि अझरबैजानचा मागोमेद अब्दुलहमीदोव. तिसऱ्या फेरीत अब्दुलहमीदोव पाच-सहा वेळा खाली गेला. शेवटी चालता येईना म्हणून त्याला धरून न्यावं लागलं. आणि निकाल? अब्दुलहमीदोव २२, शिमिझू १७. जपानच्या तक्रारीनंतर तो फिरवला गेला, तुर्कमेनिस्तानच्या रेफरीला घरी पाठवलं, आणि तीनदा पाडल्यावर लढत थांबवायलाच हवी होती असं आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेने मान्य केलं. शिमिझूने पुढे कांस्यपदक घेतलं.

“पाच वेळा पडलेला माणूस जिंकला, मामा. तुझ्या पद्धतीत.”

“ती माझी पद्धत नाही. तो रेफरी...”

“रेफरीने लढत थांबवली नाही हे मान्य. पण गुण देणारे पाच जण वेगळे होते ना? पडण्याला काही वजन असतं तर रेफरीने काहीही केलं असतं तरी निकाल तसा लागला नसता. आणि २०१४ला इंचॉनच्या एशियाडमध्ये आपल्या बॉक्सर सरितादेवीचं काय झालं? कोरियाच्या पार्क जी-नाविरुद्ध तिन्ही जज तिच्या विरोधात. तिने व्यासपीठावर आपलं कांस्यपदक पार्कच्याच गळ्यात घातलं. आणि वर्षभराची बंदी कोणावर? हिच्यावर. तिथे पडण्याचा प्रश्न नव्हता, माहितीये मला. पण कशाला किती वजन हे उघड नसलं की हे असं होतं. म्हणून मला ठरलेला आकडा हवा. बाईच्या जातीला तर जास्तच हवा, कारण जजच्या मर्जीवर सोडलं की काय होतं ते आम्ही रोज बघतो.”

मामा यावर कुस्तीकडे वळतात. नायगावच्या जुन्या माणसाने तिकडे वळणं साहजिक आहे. या घरातले आजोबा कोहिनूर गिरणीत कामाला, आणि पाळी संपली की तालमीत. लाल मातीच्या जुन्या निकाली कुस्तीत गुण नव्हतेच. चितपट झाला तो हरला. नाही झाला तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवायचे. तिथे पडणं म्हणजेच सगळं.

“पण गुण आल्यावर कुस्तीने काय केलं बघ,” मामा म्हणतात. “पडला म्हणून एकच भाव नाही लावला. नुसता खाली आणला तर दोन. उचलून टाकताना थेट पाठीच्या धोक्यात गेला तर चार. उंच फेक असली तर पाच. कसा पडला ते बघतात. बॉक्सिंगनेही तेच करायला हवं.”

“आणि त्यातून काय झालं ते सांग की. पुण्यात, २०२३ला.”

जानेवारी २०२३, कोथरूड, महाराष्ट्र केसरीच्या माती विभागाची अंतिम लढत. महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखला बाहेरची टांग मारली आणि पंचांनी चार गुण दिले. सिकंदर धोक्याच्या स्थितीत गेलाच नव्हता, गुण दोनच हवे होते, असं म्हणत महाराष्ट्रभर रान उठलं. कुस्ती न कळणाऱ्यांच्याही मोबाइलवर तो व्हिडिओ फिरत होता.

“सिकंदर पडला यावर कोणाचं दुमत नव्हतं,” भाची म्हणते. “कसा पडला यावर होतं. तू कसं पडलं ते बघायला लावलंस की वादच वाद. पडला की नाही, एवढंच विचार. विषय संपला.”

“संपला? मग २०२५ला अहिल्यानगरला काय झालं?”

२ फेब्रुवारी २०२५. गादी विभागाची अंतिम लढत, शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ. पंचांनी मोहोळला चितपटीवर विजयी दिलं. पाठ टेकलीच नव्हती असं राक्षेचं म्हणणं. वाद वाढला, राक्षेने पंचाला लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली.

“तिथे दोन की चार असा प्रश्न नव्हता,” मामा म्हणतात. “खांदे टेकले की नाही, एवढंच. तुझा सगळ्यात सोपा नियम. तरी लाथेपर्यंत गेलं. आकडा ठरवून दिला म्हणून वाद मिटतो हे डोक्यातून काढ. आणि तुझ्या नॉकडाउनचंही तेच. घसरला की पाडला हे कोण ठरवतं? रेफरी. तो चुकला तर जजला त्याचं मान्य करावं लागतं. म्हणजे एका माणसाच्या चुकीला आपण एक अख्खा गुण लावून देतो.”

इथवर आल्यावर मी माझी बाजू मांडतो. दोघांच्या मधोमध उभं राहून दोघांना अर्धं अर्धं बरोबर म्हणणं मला जमणार नाही.

ऑलिम्पिकच्या पद्धतीत पाडण्याला वेगळं वजन नसणं चूक आहे, आणि भाचीने सांगितलेलं आठ सेकंदांचं कारण त्याला पुरेसं आहे. व्यावसायिकांचा डोळे मिटून १०-८ हाही चूक आहे, आणि मामांचा गुडघा त्याला पुरेसा आहे. जजने आधी ती फेरी कोणी पडलंच नाही असं धरून मनात ठरवावी: कोणाची, आणि किती स्पष्ट. मग त्या पडण्याने काय केलं ते बघावं. ते पडताना दिसत नाही, उठल्यावर दिसतं. आठ मोजून झाल्यावरचं अर्धं मिनिट जजने पायांकडे बघावं. पाय पूर्वीसारखे आत-बाहेर होतात की जमिनीला चिकटलेत? जॅब खांद्यातून निघतोय की नुसता हात पुढे येतोय? मिठी मारायला बघतोय का? नजर समोरच्याच्या छातीवर आहे की त्याच्या ग्लोव्हजमागे धावतेय? ठोशाचा असर उरला असेल तर पूर्ण १०-८. उरला नसेल तर पाडणाऱ्याला फेरी द्यावी, पण १०-९ने. आणि पडलेला उरलेल्या फेरीत अगदी एकतर्फी वरचढ असेल, तर मात्र फेरी त्याची.

“म्हणजे आपल्या निळ्या-तांबड्याचं काय?” भाची विचारते.

माझ्या हिशेबात निळा तीनला उठला, पाय शाबूत, जॅब पहिल्यासारखा. त्याने बाकीची फेरी जिंकली, पण एकतर्फी चिरडलं नाही. तांबडा शेवटपर्यंत आत घुसायला बघत होता. तांबडा १०, निळा ९.

मामा नाखुशीने का होईना, आपली चिठ्ठी खोडून तेच लिहितात. “हूक चांगला होता,” एवढंच म्हणतात. भाची मात्र खोडत नाही.

“मला एक सांगा,” ती म्हणते, आणि आता ती आम्हा दोघांनाही विचारते आहे. “तुम्ही उठल्यानंतरचं अर्धं मिनिट बघा म्हणता. ठीक. आता तोच हूक दीड मिनिटाला नको. घंटेला दहा सेकंद असताना घाला. निळा पडला, तीनला उठला, आठ मोजून झाले, रेफरीने ‘बॉक्स’ म्हटलं आणि घंटा. आता कुठले पाय बघणार?”

मामा म्हणतात, पुढच्या फेरीच्या सुरुवातीला बघू. ते चालणार नाही. प्रत्येक फेरी स्वतंत्र. घंटा झाली की आकडा द्यायचा, पुढची फेरी बघून मागची सुधारायची सोय नाही आणि नसावी. मामांना हे माझ्याहून चांगलं माहीत आहे, म्हणून ते लगेच दुसरं म्हणतात: असर दिसला नाही तर तो नाहीच असं धरायचं, १०-९.

“असर दिसायला वेळ मिळाला नाही, कारण नियमाने पाडणाऱ्याला कोपऱ्यात उभं केलं,” भाची म्हणते. “शंकेचा फायदा पडलेल्याला कशाला? आठ सेकंद त्याला मिळाले, वर घंटा मिळाली, आता गुणही त्यालाच?”

या एका ठिकाणी मी भाचीच्या बाजूने आहे. पडणं फेरीच्या अगदी शेवटी असेल आणि उठलेल्याला आपण सावरलोय हे दाखवायला वेळच उरला नसेल, तर १०-८. सावरल्याचा पुरावा देण्याची जबाबदारी पडलेल्याची. तो देता आला नाही तर नुकसान त्याचं. मामांना हे मान्य नाही. शेवटच्या दहा सेकंदांत बसलेला ठोसा पहिल्या दहा सेकंदांत बसलेल्या ठोशापेक्षा महाग का, असं ते विचारतात, आणि त्यांच्या चिठ्ठीवर तांबडा १०, निळा ९ तसंच आहे.